आहेर खाते

आमच्या घरातली थोर माणसे बोलताना सन सांगत नसत. ‘पुराच्या आधी’, ‘प्लेगात’, ‘रेसिडेन्सी बाजार परत मिळाला त्या साली’, ‘पोलीस ॲक्शनच्या सुमाराला’, ‘मराठवाडा गेला तेव्हा’ अशी त्यांची कालगणना होती. मोठेपणी पुस्तके चाळताना एकेक सन जागेवर बसत गेला. पूर म्हणजे हैदराबादेतला २८ सप्टेंबर १९०८ चा मूसीचा पूर, प्लेग १९११ चा, आणि बाजार परत मिळाला तो १९३३ मध्ये. आमच्या दुकानाचा मुहूर्त मात्र कुठल्या पुस्तकात सापडणार? बाजार परत मिळाल्याच्या पुढच्या दसऱ्याला नानांनी, म्हणजे आजोबांनी, गादी घातली, असे आजी सांगायची. म्हणजे १९३४. आत्याला हे पुरते मान्य नाही. ती म्हणते, गादी घातली दसऱ्याला, पण दुकान त्याच्या दोन वर्षे आधीपासून चालू होते, आईच्या काखेतल्या गाठोड्यात.

हा जो बाजार निजामाला परत मिळाला, तो म्हणजे आजचा सुलतान बाजार. ब्रिटिश रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिकने १८०३ मध्ये मूसीच्या उत्तर काठाला रेसिडेन्सीची भव्य इमारत बांधायला घेतली आणि तिच्या आसऱ्याने भोवती बाजार वाढला. शहर निजामाचे, पण या बाजारावर हुकमत रेसिडेंटची आणि कायदाही त्याचाच. पैसा बाळगणाऱ्याला अशी जागा सोयीची. गुजराती, मारवाडी पेढ्या इथे आल्या. १७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या माणसांनी रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा त्यांनी मोर्चा धरला तो पुतलीबावलीच्या दोन सावकारांच्या घरांतून. सावकारांची घरे रेसिडेन्सीच्या दाराशी इतकी लागून होती.

या बाजारातल्या धंद्याचा इतिहास कोणी सांगू लागला की विल्यम पामरच्या पेढीपासून सुरुवात होते. १८१४ च्या सुमाराला निघालेली ही पेढी थेट निजाम सरकारला कर्ज देत होती. १८२० मध्ये तिने साठ लाखांचे कर्ज दिले आणि १८२४ मध्ये ती बुडाली. त्या बुडण्यावर कलकत्त्यापासून लंडनपर्यंत कागद काळे झाले. मला त्या प्रकरणातली एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. पामरचा सारा व्यवहार ओळखीवर उभा होता. पेशकार चंदुलाल ओळखीचा, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरातली माणसे भागीदार. ओळख होती तोवर कर्ज फेडले जाईल की नाही असे विचारायचे कारण पडले नाही, आणि मेटकाफ नावाचा नवा रेसिडेंट येऊन विचारू लागला तेव्हा वेळ गेलेली होती. साठ लाखांवरून लुगड्याच्या गाठोड्यावर येणे कोणाला विचित्र वाटेल. पण माझ्या आजीला धंद्यात सगळ्यात जड गेली ती हीच गोष्ट, ओळखीच्या माणसाला पैसे मागणे.

नाना परभणीकडचे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणाऱ्या मीटरगेजने ते काचीगुड्याला उतरले आणि आयुष्यभर काचीगुडा ते कोटी एवढ्याच टापूत राहिले. मराठवाड्यातून येणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचे असेच झाले. स्टेशन जवळ, गौलीगुड्यात, जामबागेत आपली माणसे, विवेकवर्धिनी शाळा आपली, मराठी ग्रंथसंग्रहालय आपले. केशवराव कोरटकरांसारखे नामांकित वकील, वामनराव नाईकांसारखे जहागीरदार हे त्या समाजाचे मोठे. त्यांच्याखाली सरकारी नोकर, मास्तर, छोटे वकील. अशा समाजात दुकान काढणे म्हणजे खाली उतरणे होते. वकिली बुडाली तरी माणूस वकील राहायचा. दुकानदाराला ती सवलत नव्हती.

नाना सरकारी दफ्तरात कारकून होते, काम सारे उर्दूत. तिशी ओलांडायच्या आत त्यांची नजर अधू होऊ लागली. आधी शिकस्ता अक्षर लागेना, मग नस्तालीकही. वरिष्ठ चांगले असल्याने वर्षभर सांभाळून घेतले, पुढे पेन्शन बसण्याइतकी नोकरी न भरताच घरी यावे लागले. घरात दोन मुले, विधवा जाऊ, तिची एक मुलगी. आजीचे वय तेव्हा पंचविशीच्या आत.

“गावाला परत चला असं सगळे म्हणाले,” आजी सांगायची. “तिकडे दिराच्या दाराशी बसून खायचं. मी म्हटलं, भाकरी तिथेही कुणीतरी मोजूनच वाढणार. त्यापेक्षा इथे आपली आपण मोजू.”

लुगडीच का, याचे तिने दिलेले उत्तर मला फार आवडते, कारण त्यात भावनेचा लवलेश नव्हता. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, बाहेर इंग्रजी कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव. सोलापूरचा, इरकलचा, गुळेदगुडच्या खणाचा माल राज्याबाहेरचा. तो आणायचा तर पैसे कलदारात मोजा, वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरा, आणि विकायचा मात्र हालीत. नारायणपेठ राज्याच्या आतले. तिथल्या लुगड्याला ना जकात, ना बट्टा. शिवाय ते लुगडे मराठी बाईच्या अंगावर शोभणारे. शिवाजी महाराजांच्या छावणीतले काही विणकर मागे राहिले आणि त्यांनी हे विणकाम रुजवले अशी त्या गावची आख्यायिका आहे. आजीला आख्यायिकेशी कर्तव्य नव्हते. तिला एवढेच दिसले की गौलीगुड्यातल्या बायकांना नारायणपेठी हवी असते, पण बाजारात पुरुषांसमोर बसून उलटीपालटी करून बघता येत नाही. माल घरी नेला तर खपेल.

भांडवल म्हणजे तिच्या पाटल्या. त्या बाजारातल्या एका मारवाड्याकडे गहाण पडल्या. बँका होत्या, पण त्या तिच्यासारखीसाठी नव्हत्या. हैदराबाद स्टेट बँकेचा कायदाच १९४१ मध्ये झाला आणि तीही कारकुनाच्या बायकोला दारात उभी करण्यासाठी निघालेली नव्हती. पाटल्यांचे दुःख आजीने कधी सांगितले नाही. सांगितले ते पहिल्या फेरीचे. गाठोडे काखेत घेऊन ती ओळखीच्या वाड्याच्या दारात उभी राहिली आणि आतून कोणीतरी म्हणाले, “अगं बाई, तू होय? बस ना. हे काय आणलंस?” त्या ‘हे काय’वर तिची वाचा बसली. तासभर बसली, चहा घेतला, कुंकू लावून घेतले आणि गाठोडे न सोडताच परत आली.

दुसऱ्या दिवशी तिने वाट बदलली. आधी अनोळखी घरे केली, सुलतानशाहीतली, काचीगुड्यातली, तेलुगू आणि कन्नड माणसांची. तेलुगू तिला रस्त्यावरचे येत होते, तेवढ्यावर भागवले. अनोळखी माणसापुढे तोंड उघडायला शिकल्यावर मग ती ओळखीच्यांकडे गेली. कुठल्याही नव्या धंदेवाल्याला मी हीच गोष्ट सांगते. घरच्या गोतावळ्यापासून सुरुवात कर, असे सगळे सांगतात. आजीने उलट केले आणि ती टिकली.

मालाची पारख ती कशी करायची, ते मी स्वतः पाहिले आहे, तिच्या उतारवयात. लुगडे हातात आले की आधी काठ. अंगठा जिभेवर ओला करून काठावर दाबून फिरवायची आणि अंगठा पदराच्या फिक्या भागावर टेकवायची. रंगाची पुसटशी जरी खूण उठली तरी माल बाजूला. मग काठ आणि अंग जिथे जोडले जाते तिथे दोन्ही हातांनी हलकेच ताणायची आणि उजेडापुढे धरायची. धागे सरकून फट दिसली तर माल बाजूला. शेवटी लांबी. नऊवारी म्हणजे अठरा हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा तिचा हात गजाच्या मापाने अर्धा वार नेमका भरत असे, आणि माप घेताना ती कापड कधी ताणत नसे. साडेसतरा हात भरले तर ती विणकराला एवढेच विचारायची, “हा अर्धा हात कुणी नेसायचा?”

दसऱ्याला गादी घातली ती एका बोळात, भाड्याच्या खोलीत. आजी दुकानात बसणे त्या काळात शक्य नव्हते. गादीवर नाना बसले, ज्यांना मोरपंखी आणि डाळिंबी यांतला फरक दिसत नव्हता. मागच्या बाजूला पडदा, पडद्यामागे आजी. दुकान नानांचे आहे असे जगाला दिसले पाहिजे, आणि नानांनाही तसे वाटले पाहिजे. मला वाटते, तिच्या साऱ्या धंद्यात अवघड कसब हे होते. तिने फळीवरच्या थप्प्यांचा क्रम ठरवून टाकला. डाव्या हाताला वरून खाली हिरवे, मोरपंखी, अंजिरी. मधे काळी चंद्रकळा एकटी. उजवीकडे डाळिंबी, कुंकवी, हळदी. रोज रात्री दुकान मिटले की ती थप्प्या पुन्हा लावायची, आणि नाना झोपण्याआधी एकदा हात फिरवून पाठ म्हणायचे. गिऱ्हाइकाने अंजिरी मागितली की नानांचा हात तिसऱ्या थप्पीवर जायचा. बाजारातल्या शेजाऱ्यांना कित्येक महिने त्यांच्या डोळ्यांचा पत्ता लागला नव्हता, असे आत्या अभिमानाने सांगते.

पण नाना त्या काळात सुखी नव्हते. दफ्तरातला जुना सोबती बोळातून जाताना दिसला, म्हणजे त्याचा आवाज आला, की ते गप्प व्हायचे. एकदा अशाच एकाने “अरे, तू इथे?” म्हटल्यावर नाना गादीवरून उठून मागे गेले आणि आजीला म्हणाले, “मला हे होणार नाही.” आजीने उत्तर दिले नाही. तिने पडदा बाजूला केला, बाहेर येऊन त्या माणसाला नमस्कार केला आणि त्याच्या बायकोला कुठला रंग आवडतो ते विचारले. गादीजवळ उघड्यावर ती उभी राहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पडदा पुढे बरीच वर्षे होता, पण तो अर्धवट सरकवलेलाच असायचा. नवऱ्याचा मान आणि घरातले धान्य यांतले एक निवडायची पाळी तिच्यावर आली, आणि तिने काय निवडले हे दोघांनाही माहीत होते. त्या विषयावर ते आयुष्यात बोलले नाहीत. धंद्याची पुस्तके तोटा-नफा शिकवतात. अशा प्रसंगांसाठी त्यांत पान नसते.

आता उधारीकडे येते.

आजीची एक मैत्रीण होती. सख्ख्या बहिणीसारखी. नाव मी लिहीत नाही, तिची नातवंडे आहेत. तिच्या मुलीच्या लग्नात मुलीकडची सारी लुगडी आमच्या दुकानातून गेली. रक्कम दोनशे हालींच्या वर होती. पाटल्या सोडवता आल्या असत्या एवढी. पैसे आषाढात देते म्हणाली. आषाढ गेला. दिवाळी गेली. संक्रांतीला आजी तिच्याकडे हळदीकुंकवाला गेली. तिळगूळ घेतला, वाण घेतले, पैशांचा शब्द काढला नाही. पुढच्या संक्रांतीला बोलावणेच आले नाही. पैसे मागितले नाहीत तरी मैत्री तुटली, कारण देणेकरणीला तिच्या डोळ्यांत मागणी दिसत होती. “मागितले असते तर भांडण झालं असतं,” आजी म्हणायची, “भांडण मिटतं. हे मिटलं नाही.” ती बाई देवळात समोरून आली तरी मान फिरवून जायची. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा तिच्या नवऱ्याचे खाते तिकडे गेले आणि ते कुटुंबही. खतावणीत ती रक्कम तशीच राहिली. आजीने ती कधी खोडली नाही, बुडीतही दाखवली नाही.

त्या संक्रांतीनंतर तिने खतावणीत एक नवे पान उघडले. वर बाळबोध अक्षरात लिहिले, ‘आहेर खाते’. नात्यातल्या, जवळच्या माणसाला उधार द्यायचे नाही. रोखीने घेईल त्याला भाव उतरवून. आणि जो रोख देऊ शकत नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला ते लुगडे आहेर म्हणून द्यायचे. पैसे येणार नाहीत हे देतानाच लिहून टाकायचे. वर्षाला असे आहेर किती, याची मर्यादा दसऱ्याला ठरे आणि ती भरली की कोणाचेही लग्न असो, दुकानातून फुकट काही बाहेर जात नसे. हिशेबनीस याला काय म्हणेल मला ठाऊक नाही. ज्यांना नात्यांच्या गावात धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी मला याहून शहाणी तजवीज माहीत नाही. लोकांनी तिला कंजूष म्हटले, कोरडी म्हटले. तिला ते लागायचे. लागते म्हणून तिने पान बंद केले नाही.

महायुद्धात कापडावर नियंत्रण आले, ते दिवस घरात फारसे कोणी आठवत नाही. १९४८ मात्र सगळ्यांना आठवते. रझाकारांची दहशत, भारत सरकारची आर्थिक कोंडी, माल येणे बंद. अनेक मराठी कुटुंबांनी सोलापूर गाठले, तशी आजीही मुलांना घेऊन निघाली. नाना मागे राहिले, रिकाम्या फळ्यांपाशी. आत्या तेव्हा जाणती होती. ती सांगते, सोलापुरात पोचल्यावर आई पहिल्याच आठवड्यात पूर्व भागात गेली. तिथे घरोघर माग, आणि मागावर पद्मशाली. ती माणसे मूळची तेलंगणाकडची, घरात तेलुगू बोलणारी. दाराशी उभी राहून नऊवारी नेसलेली एक बाई हैदराबादी तेलुगूत सूत कुठले वापरता म्हणून विचारते, याचे त्यांना इतके अप्रूप वाटले की म्हातारीने आत बोलावून ताक दिले. काचीगुड्यात अनोळखी दारांपुढे शिकलेली ती मोडकी भाषा तिथे पत म्हणून चालली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, दसऱ्यानंतर आजी परतली ती दलालाशिवाय, विणकराकडून थेट उधारीवर मिळालेल्या मालासकट. त्या घराचे देणे तिने ठरल्या दिवसाच्या आधी फेडले. स्वतः घेतलेल्या उधारीच्या बाबतीत ती फार कडक होती.

‘मराठवाडा गेला’ तेव्हा गिऱ्हाईकही गेले. ऑफिसांबरोबर घरेच्या घरे औरंगाबादला, मुंबईला हलली. उरलेल्या घरांतल्या मुली पाचवारी नेसू लागल्या. वडिलांनी नऊवारीच्या थप्प्या कमी करून ब्लाउजपीस, परकर, अस्तर ठेवले, आणि सुलतान बाजारातली शेकडो दुकाने आज ज्यावर चालतात त्याच मालावर आमचेही चालले. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. धंदा बसलेला होता, आणि बसलेल्या धंद्याच्या गोष्टी होत नाहीत.

पुढे मेट्रोचा मार्ग बाजारातून आखला गेला आणि व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. तो विरोध मला अगदी रास्त वाटला. अरुंद रस्त्यावर समोरासमोर फळ्या, पायी फिरणारी गिऱ्हाइके, यावरच तो बाजार जगतो. अखेर जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन हा मार्ग ७ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाला. बाजाराला त्याची सवय होण्याआधीच मार्चमध्ये टाळेबंदी आली. आमचे दुकान तेव्हा चुलतभाऊ चालवत होता, त्याने त्याच वर्षी ते सोडले.

गेल्या वर्षी त्याच्या सुनेने नोकरी सोडून नारायणपेठी साड्यांचा व्यवसाय सुरू केला. दुकान नाही, फोनवर फोटो पाठवते आणि महिन्यातून एकदा स्वतः विणकरांकडे जाऊन माल आणते. पहिल्या दोन महिन्यांत ओळखीच्यांनी साड्या नेल्या, फोनवरून क्षणात पैसे पाठवायची सोय असूनही “नंतर पाठवते गं” म्हणाल्या, आणि ती एके रात्री माझ्याकडे येऊन बसली. “काकू, मला मागायला होत नाही. झोप येत नाही मला.” मी तिला आजीचे आहेर खाते समजावून सांगितले. तिने वहीत लिहून घेतले, मर्यादा किती धरायची यावर नवऱ्याशी भांडली, आणि शेवटी वर्षाला चार साड्या असे ठरवले.

कोणाला दिल्या ते तिने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. आत्याने मात्र तिच्याकडून एक अंजिरी साडी घेतली. साडी पोचण्याआधी पूर्ण पैसे पाठवले, घरच्यांसाठी उतरवलेला भाव नाकारला, आणि फोन करून म्हणाली, “बिल कुठेय? बिलाशिवाय मी साडीची घडी मोडणार नाही.”